गोगलगायींचा पाट

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही चांगलं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्या. दाखवायला म्हणून मी लिहीत नाही. चार माणसांत माझा आवाज निघत नाही आणि जे मनात आहे ते कुठेतरी ठेवायला हवं, एवढ्यासाठी लिहिते.

लिहायचं आहे ते माझ्या थोरल्या जावेबद्दल आणि गोगलगायींबद्दल. जावेला मी बाय म्हणते.

आमचं घर रत्नागिरीहून मालगुंडकडे जाताना आतल्या अंगाला आहे. दोन भाऊ, दोन चुली आणि मधे एकच पडवी. माझे मिस्टर मुंबईला वॉचमन आहेत, ते गणपतीला आणि शिमग्याला येतात. थोरले भावोजी मात्र गावातच राहिले, कारण घराला लागून असलेल्या शेडमध्ये त्यांचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला लावलेल्या फळ्या आणि कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली मातीचा ढीग. माती आमच्याच मळ्यातली. पावसाआधी खणून आणायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची. तुडवायचं काम लग्न झाल्यापासून बायचं. पुढे भावोजींनी तिला हात-पाय घडवायला शिकवलं, मग रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे आखायला.

आमच्याकडे गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आषाढात प्रत्येक घर आपला पाट कारखान्यात आणून देतं. पाटावर नारळ, विडा आणि थोडा बयाणा. मूर्ती त्या पाटावरच घडते आणि पाटासकट डोक्यावरून घरी जाते. आजोबांचा पाट जिथे जात होता तिथेच नातवाचा जातो. पाट हलवला म्हणजे दोन घरांत काहीतरी बिनसलं असंच लोक धरतात.

भावोजी गेले ते शिमगा झाल्यावर. आजार फार दिवसांचा नव्हता. दिवस-कार्य झालं आणि पाऊस तोंडावर आला तशी सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती, आता पाट येणार का? बायला मूलबाळ नाही. भाताचा एक कोपरा आणि उन्हाळ्यातली आमसुलं सोडली तर तिचं पोट कारखान्यावरच. पण नुसत्या पोटाचं असतं तर तिने दुसरं काही केलं असतं. भावोजींच्या मागे त्यांच्या जागेत मूर्ती घडायला हव्यात, ही तिची ओढ होती. ती बोलून दाखवायची नाही. सकाळी शेडचं दार उघडून उंबऱ्याला हात लावायची तेव्हा मला ते दिसायचं.

पाट आले. बहुतेक सगळे आले. वरच्या वाडीतले आबा शेवटी आले. त्यांच्या भावकीचा गणपती एकत्र असतो, मूर्ती सगळ्यांत मोठी, म्हणून गावाचा डोळा त्यांच्या पाटावर. आबा पाट ठेवून म्हणाले, "सूनबाय, त्याच्याकडे बगून पाट देतोय हां मी. या वर्षी देतो. पुढचं पुढे."

"आबा, बगायला मीच हाय आता," बाय म्हणाली.

आबांना ते बोलणं आवडलं की नाही कळलं नाही, पण त्यांनी मूर्तीचे सगळे पैसे आधीच तिच्या हातात ठेवले. "रंग-बिंग आणायला लागतील तुला. बयाण्यात काय येतंय?" बायने त्या पैशातून रत्नागिरीला जाऊन रंग आणले, ब्रश आणले, गळणारे दोन पत्रे बदलून घेतले.

आता गोगलगायी.

मी म्हणते त्या शंखवाल्या नाहीत. पाठीवर काहीच नसलेल्या, काळपट, बोटाएवढ्या, ओल्या. पावसाळ्यात त्या मोरीच्या भोकातून येतात, दाराच्या फटीतून येतात, पाण्याच्या हंड्याला चिकटतात. सकाळी चुलीपाशी जावं तर भिंतीवर चमकणारी रेघ दिसते, म्हणजे बाईसाहेब कुठेतरी आत आहेत. मला त्यांची लहानपणापासून किळस. अंधारात पायाखाली एक आली की मी दिवसभर पाय धूत बसायची. त्यांना घालवायचा एकच उपाय आमच्याकडे सगळ्या बायकांना ठाऊक आहे, चिमूटभर मीठ. मीठ पडलं की ती फेसाळते आणि विरघळते.

बाय शेडमध्ये हे करू द्यायची नाही. "गणपती घडतोय तिथे जीव मारायचा नाय," म्हणायची. नारळाची एक करवंटी तिने दाराशी टांगून ठेवली होती. गोगलगाय दिसली की करवंटीच्या कडेने हळूच उचलायची आणि आवाराच्या दगडी गडग्यापलीकडे टाकून यायची.

"बाय, ती परत येणार गो," मी म्हणायची.

"येऊ दे. पाय नायत तिला. इथवर यायला तिलापण दिवस लागतो."

पण त्या वर्षी त्या फारच झाल्या. मूर्तीला रंगाआधी खडूचा पांढरा लेप देतात. त्या लेपात चिंचोक्याची खळ असते आणि गोगलगायींना ती खळ आवडते. सकाळी पाहावं तर पांढऱ्या सोंडेवरून चमकणारी रेघ गेलेली, मुकुटाची कड खरवडलेली. बाय न चिडता ओलं फडकं घ्यायची, रेघ पुसायची, खरवडलेल्या जागी बोटाने लेप भरायची, वाळला की परत घासायची. रोज. तिच्या बोटांकडे मी बघत राहायची. एखाद्या तान्ह्या पोराचं तोंड पुसावं तशी ती सोंड पुसायची. मी असते तर दुसऱ्याच दिवशी मिठाची पिशवी ओतली असती.

एके दिवशी आबा मूर्ती पाहायला आले. त्यांच्या मूर्तीला नुकताच लेप झाला होता. बाय हातातलं काम ठेवून उठेपर्यंत ते आत गेलेसुद्धा, आणि त्यांच्या गणपतीच्या पोटावर नेमकी एक जाडजूड गोगलगाय निवांत पसरलेली.

"हे काय?" आबा ओरडले. "नाग कमरेला असतो म्हणून ऐकलंय. ही कोण?"

मला हसू आलं आणि मी तोंडाला पदर लावला. बायने करवंटी आणली, गोगलगाय उचलली.

"आबा, पुसून घेते. खालून काय झालेलं नाय."

"पुसून? घरात पूजेला बसवायचा हाय गणपती. सगळी भावकी हात जोडणार. ही मूर्ती नको. दुसरी कर."

पूजेच्या आधी ती माती असते हे आबांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण बाय वाद घालत बसली नाही. "करते," एवढंच म्हणाली. आबा गेल्यावर तिने ती मूर्ती फोडली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मातीत हात घालून मला म्हणाली, "धाकटे, आता ह्या आत येता नयेत. काय ते बगायला हवं."

तेव्हाच शेजारणी म्हणाल्या की मारायचं नसेल तर मीठ दाराशी टाकावं, मिठाची रेघ त्या ओलांडत नाहीत. बायलाही ते पटलं. मलाही पटलं. कोणीही मरणार नाही आणि कोणी आतही येणार नाही. खाडीकडून मासे विकायला येणाऱ्या बाईकडून आम्ही खडेमीठ मागवलं आणि उंबऱ्याशी, भिंतींच्या कडेने, फळ्यांच्या खाली जाड रेघा घातल्या. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एकही गोगलगाय दिसली नाही. बायला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी मला चहाबरोबर गूळपोहे करून खायला घातले.

पावसात मीठ राहतं का? हवेनेच ते पाझरायला लागलं. संध्याकाळपर्यंत रेघेचं पाणी व्हायचं, बाय सकाळी परत मीठ घालायची. जमिनीला उतार होता तो मातीच्या कोपऱ्याकडे. ते पाणी कुठे जातंय हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोणपाट ओलं असायचंच, ते ओलं ठेवायचंच असतं. त्याच ढिगातल्या मातीतून बायने आबांची दुसरी मूर्ती घडवली. बाकीच्या मूर्ती आधीच झालेल्या होत्या.

ती मूर्ती पहिलीपेक्षा चांगली झाली. हे मी माझी जाऊ म्हणून सांगत नाही. तिने डोळे आखले त्या दुपारी मी दाराशी उभी होते. श्वास धरून ती एकदा ब्रश टेकवायची आणि उचलायची. दुसरा डोळा झाला आणि मूर्तीने आमच्याकडे पाहिलं असं मला वाटलं. भावोजींच्या मूर्ती जरा गंभीर असायच्या. हिच्या मूर्तीच्या डोळ्यांत, घरी पाहुणा आल्यावर माणूस बघतो तसं काहीतरी होतं.

फक्त रंग झाला तरी ती पुरती वाळेना. हात लावला की गार आणि दमट. मग चतुर्थीच्या चार-पाच दिवस आधी पावसाने उघडीप दिली, चांगलं ऊन पडलं. बायने मूर्ती दाराशी सरकवली. दुपारी जाऊन पाहतो तर पोटावर आणि सोंडेवर पांढरं पीठ आलेलं. पुसलं, तर तासाभरात पुन्हा आलं, आणि त्याच्याबरोबर अंगाच्या रंगाचा पापुद्रा सुटला.

"बुरशी आलीय," मी म्हणाले.

बायने ते पांढरं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"मीठ हाय गो," ती म्हणाली. मग उंबऱ्याकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, मातीच्या ढिगाकडे पाहिलं. सगळं तिला एकदम कळलं, तिच्या तोंडाकडे बघून मलाही कळलं.

मी म्हणाले, परत रंग मार, चार दिवसांत काय होतंय, घरी गेल्यावर सजावटीत दिसणारपण नाही. मला खरंच तसं वाटत होतं. त्या पाटावर तिचा पुढचा सगळा जन्म होता.

"आणि आरतीच्या वेळेला सोंडेचा रंग पडला तर?" बाय म्हणाली. "चल, छत्री घे."

आम्ही वरच्या वाडीत गेलो. मी तिच्या मागे, अंग चोरून. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. बायने बसायच्या आधी सांगून टाकलं. मूर्तीत मीठ उतरलंय, रंग धरणार नाही, नवी करायला आता दिवस उरले नाहीत, बाजारातून आणायची तर आज-उद्या आणावी लागेल. एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं, एकही शब्द फिरवला नाही.

"गणपतीत मीठ!" आबा म्हणाले. "मासे खारवतात, कैऱ्या खारवतात. तू देव खारवलास?"

आतून कुणीतरी बाई हसली. मला जमीन दुभंगावी असं झालं. बाय मात्र उभीच.

"चूक माझी हाय. पैसे मी सगळे देईन. आत्ता नायत माझ्याकडे, रंगाला आणि पत्र्याला गेले. पण सगळे देईन."

"पैशाचं नंतर. पाट न्यायला येतो मी."

ते दुसऱ्या दिवशी आले, दोन पुतण्यांना घेऊन. बायने मूर्ती हलक्या हाताने दुसऱ्या फळीवर घेतली. आबांनी आपला पाट उचलला, आणि पाटाच्या खालच्या अंगाला पाच-सहा गोगलगायी एकमेकींना चिकटून झोपलेल्या.

"हे बग!" आबा म्हणाले. "माझ्या पाटाखाली ह्यांचा संसार! तू दारात मिठाचा पहारा ठेवलास आणि ह्या आतच बिऱ्हाड करून बसल्या."

पुतणे हसले. आबा पाट झटकून रिकामाच घेऊन गेले. रस्त्याने सगळ्यांनी तो रिकामा पाट पाहिला. मी आत जाऊन रडले. बाय पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "धाकटे, पाटाखालीच होत्या. ओल, अंधार आणि लाकूड. आणखी काय पाहिजे त्यांना?"

मला वाटलं ती दुःखाने काहीतरी बोलतेय.

ती खारट मूर्ती आम्ही दोघींनी खाडीवर नेऊन सोडली. ती माती परत ढिगात टाकता येत नव्हती. खाऱ्या पाण्याला खारं चालतं, बाय म्हणाली. बाकीच्या सगळ्या मूर्ती वेळेवर आपापल्या घरी गेल्या. गणपती आले, गेले. त्यानंतर तिने सगळ्यात आधी काय केलं असेल तर शेडमधली जमीन हातभर खणून काढली आणि नवी माती घालून, उतार बाहेरच्या बाजूला करून सारवली.

पैसे ती आबांना थोडे थोडे देत गेली. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्या भरायला गेली, आमसुलं विकली. हाती काही आलं की पदरात बांधायची आणि मला हाक मारायची. वरच्या वाडीत एकटी जायला ती घाबरत नव्हती. माझ्यासाठीच मला न्यायची, मला वाटतं. "चार माणसं बगशील तरी," म्हणायची. आबा पैसे घ्यायचे, पावसापाण्याचं बोलायचे. पाटाचा विषय कुणी काढायचं नाही.

पुढचा पावसाळा आला. मिठाला बायने हात लावला नाही. भावोजी ज्यावर बसून मूर्ती घडवायचे तो त्यांचा जुना फणसाचा पाट तिने माळ्यावरून काढला. मला वाटलं आता ती त्यावर बसून काम करणार. तर तिने तो शेडच्या मागे, पागोळ्यांच्या पलीकडे, ओल्या जमिनीवर पालथा घातला. खाली दगडाच्या दोन चिपा लावून जराशी फट ठेवली आणि आत फणसाच्या चारखंडाचे, म्हणजे गरे काढून उरलेल्या सालीचे, तुकडे टाकले, थोडी चिंचोक्याची खळ फासली.

"भावोजींचा पाट चिखलात घातलास?" मी म्हणाले. माझा आवाज चढलाच असेल.

"सगळ्या गावाचे पाट येतात माझ्याकडे. ह्या गोगलगायींचापण एक असू दे. आपला मिळाला की दुसऱ्याच्या पाटाखाली कशाला शिरतील?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिने पाट उलटा केला. खाली लहान-मोठ्या गोगलगायी, कडेपासून कडेपर्यंत, मोजायला बसू नये इतक्या. तिने त्या करवंटीने बादलीत घेतल्या आणि वहाळाच्या पाण्यापलीकडच्या रानात नेऊन सोडल्या. मग रोज तेच. शेडच्या उंबऱ्याशी आत, जिथे पाऊस पोचत नाही तिथे, ती चुलीतली कोरडी राख पसरायची. राख ओली झाली की भरून काढून नवी. आणि आता कुणाचाही पाट आला की आधी तो अंगणात उभा करायचा, खालून नारळाच्या काथ्याने घासायचा, चुलीवर धुरी द्यायची, आणि शेडमध्ये विटांवर उंच ठेवायचा. खाली हात घालून पुसता यायला हवं.

एक दिवस बायला ताप होता तेव्हा मी गेले. पाट उलटला. इतक्या वर्षांची किळस होतीच, पण मी नीट पाहिलं. त्या मंद हलत होत्या, शिंगं बाहेर काढून, घाई नाही, आवाज नाही. एकीच्या अंगावर तपकिरी रेषा इतक्या बारीक होत्या की बायने ब्रशने ओढल्यासारख्या. मी बादली घेऊन वहाळ ओलांडला. तेव्हापासून ते काम माझं.

त्या वर्षी शेडमध्ये लेपावर रेघ दिसली नाही असं नाही. एखाद-दोनदा दिसली. बायने पुसली.

आषाढात पाट यायला लागले. एकाने मागच्या वर्षीचं काढलं, "बाय, यंदा मीठ बेतानं घाल हां." तीही हसली, "यंदा अळणी हाय." आबांचा पाट मात्र आला नाही. वरच्या वाडीतलं कुणी खाली आलं की मी उगाच रस्त्याकडे पाहायची. बाय पाहायची नाही. आबांच्या देण्यातले शेवटचे पैसे, आमसुलांचे, तिने डब्यात वेगळे काढून ठेवले होते.

आषाढ सरत आला तेव्हा एका सकाळी मी मागे पाट उलटत होते आणि मागून आवाज आला, "काय गो धाकटे, काय काढतेस त्याखालून?"

आबा. एका हातात छत्री, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी. मी करवंटी पाठीमागे लपवली. बाय दारात आली आणि तिनेच सांगितलं, हा गोगलगायींचा पाट, त्या इथे येतात, आम्ही त्यांना पलीकडे सोडतो.

आबा वाकून बघत राहिले. "हा तर त्याचा बसायचा पाट."

"हो."

"ह्यांनी बयाणा किती दिला?"

"रोज येतात, तेवढंच," बाय म्हणाली.

आबा हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग त्यांनी कापड सोडलं. त्यांचा पाट होता, खालून घासून पांढरा केलेला. त्यांच्या सुनेने केला असणार. त्यावर त्यांनी कापडातलाच नारळ आणि खिशातली सुपारी काढून ठेवली.

बायने पाटाला हात लावला नाही. आत गेली, डब्यातले पैसे आणले.

"आबा, आधी हे."

"राहू दे गो. ह्या वर्षाच्या मूर्तीत धर."

"नाय. ते वेगळं आणि हे वेगळं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग छत्री मिटून माझ्या हातात दिली. अंगठा जिभेला लावून त्यांनी तिथेच, गोगलगायींच्या पाटाशेजारी उभं राहून, नोटा एकेक मोजल्या आणि बंडीच्या आतल्या खिशात घातल्या.

"फिटले," ते म्हणाले. "सगळे फिटले."